पट्ट्याचा ताण आणि त्याचे माप

उज्जैन ही प्राचीन काळापासून मापांची नगरी म्हणून ख्यात आहे. भारतीय ज्योतिषांनी आपली मध्यरेखा याच नगरीवरून जाते असे मानले आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी येथे क्षिप्रेच्या काठी वेधशाळा उभारली. पुढे या नगरीत नजरअली, विनोद, हिरा अशा कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि ग्रहताऱ्यांच्या मापाशेजारी एका अगदी साध्या मापाची गरज उत्पन्न झाली. ते माप म्हणजे यंत्र फिरविणाऱ्या पट्ट्याच्या ताणाचे. त्या गिरण्या कालांतराने बंद पडल्या. परंतु फ्रीगंजसारख्या वस्तीतील पिठाच्या गिरणीत मोटर आणि चक्की यांना जोडणारा पट्टा अद्याप फिरतोच आहे, आणि त्याच्यापुढील प्रश्नही जुनाच आहे : पट्टा किती रुंद घ्यावा आणि तो किती ताणावा?

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली सूतगिरणी स्थापिली. दोन वर्षांनी ती चालू झाली. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या काळच्या गिरणीत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र शक्ती नसे. वाफेच्या एकाच इंजिनाचे प्रचंड चाक फिरे. त्यावरून दोरांनी किंवा पट्ट्यांनी छताखालचे लांब दांडे फिरत आणि त्या दांड्यांवरून प्रत्येक साच्यापर्यंत एकेक चामडी पट्टा उतरलेला असे. शेकडो पट्टे एकाच वेळी डोक्यावर सळसळत असत. इंजिनाची शक्ती कामगाराच्या हाताखालील यंत्रापर्यंत पोचे ती या चामड्यावाटे.

पट्टा सैल पडला की तो चाकावर घसरे, यंत्र मंदावे आणि माल बिघडे. मग त्यावर राळ टाकून वेळ निभावली जाई, किंवा पट्टा कापून पुन्हा आवळून शिवला जाई. किती आवळायचा हे जुन्या जाणत्याचा अंगठा ठरवी. अंगठ्याचा कल बहुधा जास्तीकडे असे, कारण सैल पट्टा तत्काळ तक्रार करतो, घट्ट पट्टा करीत नाही. तो मुकाट्याने दांडा वाकवितो, बेअरिंग झिजवितो आणि एके दिवशी सांध्यातून तुटतो.

वस्तुतः या कोड्याची शास्त्रीय उकल गिरण्यांच्या पूर्वीच झाली होती. अठराव्या शतकातील थोर गणिती लिओनार्ड ऑयलर याने खांबाला वेढलेल्या दोरीचे गणित मांडले. घाटावरचा नावाडी खुंटाला दोराचे दोन वेढे देतो आणि नाव प्रवाहाने ओढली जात असताही एका हाताने थोपवून धरतो. हे बळ हाताचे नसून वेढ्यातील घर्षणाचे असते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर दोन वेढ्यांनी दहा पौंडांची पकड चारशे पौंडांहून अधिक ओढ सहन करते. पट्ट्याचेही तसेच आहे. तो चाकाच्या अर्ध्या परिघाला भिडलेला असेल, तर त्याच गुणांकाने ताणलेल्या बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे अडीच पट होईपर्यंत तो घसरत नाही. काम करतो तो या दोन ताणांतील फरक.

उदाहरणार्थ, दहा अश्वशक्तीची मोटर मिनिटास १४४० फेरे घेते, तिच्यावर ६ इंच व्यासाचे चाक आहे आणि चक्कीचे चाक १८ इंचांचे आहे असे समजू. चक्की मोटरीच्या एकतृतीयांश वेगाने, म्हणजे मिनिटास ४८० फेरे फिरेल. पट्टा मिनिटास सुमारे २२६० फूट धावेल आणि त्याला सुमारे १४६ पौंडांची निव्वळ ओढ द्यावी लागेल. याचा अर्थ एका बाजूस सुमारे २३९ व दुसऱ्या बाजूस ९३ पौंड ताण हवा. एकेरी चामडी पट्ट्याविषयी कारागिरांचा एक जुना ठोकताळा असे : मिनिटास हजार फूट वेगाला इंचभर रुंदीमागे एक अश्वशक्ती. त्या हिशेबाने येथे साडेचार इंच रुंदीचा पट्टा पुरतो. याहून अरुंद पट्टा घेऊन तो जोराने ताणणे म्हणजे पट्ट्याच्या किमतीत काटकसर करून बेअरिंगच्या किमतीत ती गमावणे होय.

ही गोष्ट प्रत्यक्ष कारखान्यात चिकाटीने तपासली ती अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर याने. फिलाडेल्फियाजवळील मिडवेल पोलाद कारखान्यात नऊ वर्षे पट्ट्यांच्या नोंदी ठेवून त्याने १८९३-९४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. पट्टा आवळताना तो चिमट्यांना स्प्रिंगचा काटा लावून ताण पौंडांत मोजी. प्रचलित ठोकताळ्यांहून रुंद पट्टे कमी ताणावर चालविले, तर ते अधिक टिकतात आणि काम क्वचितच खोळंबते, असा त्याचा निष्कर्ष होता. अंगठ्याची जागा काट्याने घेतली ती अशी.

परंतु पट्ट्याची किंमत केवळ चामड्यात आणि पोलादात मोजून चालत नाही. चालत्या दांड्यावरून उतरलेला पट्टा पुन्हा चढविताना धोतराचा सोगा वा सदऱ्याची बाही चाकात सापडली की क्षणात हात जाई. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडा घालण्याची तरतूद केली. ती शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरतीच होती. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि साडेपाच हजारांवर सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात साप्ताहिक सुटीबरोबरच अशी मागणी होती की कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडले. एकोणचाळीस वर्षे त्या मागणीने वाट पाहिली.

उज्जैन तर ग्वाल्हेर संस्थानात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि त्याच वर्षी स्वतंत्र भारताचा कारखाना कायदा झाला. चालत्या यंत्राचा पट्टा हाताळण्याचे काम खास शिकविलेल्या, अंगाबरोबर कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे, पट्टा पंधरा सेंटिमीटरांहून रुंद नसावा, आणि वापरात नसलेला पट्टा फिरत्या दांड्यावर लोंबत ठेवू नये, इतके बारकावे त्या कायद्यात येऊन बसले. या प्रत्येक कलमामागे कोणाचा तरी गमावलेला हात आहे, हे विसरता कामा नये.

दरम्यान यंत्रांची रचनाच पालटली. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे साच्यासाच्याला स्वतंत्र मोटर बसली आणि छताखालचे दांडे नाहीसे झाले. १९१७ साली अमेरिकेत जॉन गेट्स याने पाचरीच्या आकाराचा रबरी व्ही-पट्टा काढला. चाकाच्या खाचेत तो पाचरीप्रमाणे रुततो. खाचेचा कोन ४० अंश धरल्यास पकड सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट होते. इकडे १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीपासून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी यंत्रनिर्मितीची जी परंपरा घातली, तिच्यातून तेलावरची इंजिने निघाली आणि पट्टा गिरणगावातून निघून खेड्यातील विहिरीवर व पिठाच्या गिरणीत पोचला.

तेथे ताण मोजण्यास टेलरचे चिमटेही लागत नाहीत. यंत्र बंद करावे, वीज तोडावी, दोन चाकांमधील पट्ट्याचा मोकळा भाग मोजावा आणि त्याच्या मध्यावर स्प्रिंगच्या काट्याने दाब द्यावा. दर मीटर लांबीमागे सुमारे १६ मिलिमीटर पट्टा दबण्यास किती जोर लागतो तो पाहावा आणि उत्पादकाच्या तक्त्याशी ताडावा. कमी असल्यास आवळावा, अधिक असल्यास सैल करावा. नवा पट्टा प्रारंभी थोडा ताणला जात असल्यामुळे काही दिवसांनी हे माप पुन्हा घ्यावे.

हे सारे पाच मिनिटांचे काम आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी पट्टा अंगठ्यानेच पाहिला जातो, जाळी काढून कोपऱ्यात ठेवलेली असते आणि पीठ दळण्याच्या घाईत चालत्या चाकाजवळ हात जातो. कामगाराचे रक्षण करणारी ज्ञानाची व कायद्याची साधने दीर्घ काळाच्या कष्टाने हाती आली आहेत. जाळी जागेवर बसवावी आणि काटा भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असावा, एवढी दक्षता प्रत्येक गिरणीच्या मालकाने घेतली, तर त्या साडेपाच हजार सह्यांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.