बोटीने जाणारी पत्रं आणि कोल्हापूरची नोकरी

"तो तिकडे आहे, म्हणून मीही तिकडेच नर्सिंगचं बघतेय." माझ्या ओळखीतल्या दोघी-तिघींकडून हे वाक्य ऐकलंय. 2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आल्या. तेव्हापासून कोल्हापुरातही जर्मन भाषेच्या क्लासच्या गप्पा कानावर येतात. आणि आम्हा आयटीवाल्यांना तर 'ऑनसाईट' म्हणजे काय ते सांगायलाच नको!

अशा जोडप्यांना सगळे एकच विचारतात, "एवढ्या लांबून निभणार कसं?" मला मात्र दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. दोघांपैकी एक लांब गेलं की शब्द कुणाचा चालतो? याचं उत्तर शोधायचं तर सव्वाशे वर्षांहून मागे जावं लागतं. ती मुलगी नर्स नव्हती, डॉक्टर व्हायला निघाली होती. पण गोष्ट कोल्हापूरची आहे. निदान सुरुवात आणि शेवट तरी.

डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेच्या धड्यातून, श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीतून किंवा 2019 च्या सिनेमातून माहीत असतात. जन्म 1865, लग्न नवव्या वर्षी. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याच्या इच्छेचं मूळ त्या दुःखात होतं.

गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली, तेव्हा त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. कोल्हापुरात अनेक वर्षं काम करून मायदेशी परतलेले रॉयल वाइल्डर त्यांतले एक. धर्म बदललात तर बघू, असा एकूण सूर होता. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हतं. पण वाइल्डरनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला आणि तो न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. बाईंनी आपणहून पत्र लिहिलं. एका अनोळखी घराचं दार उघडलं ते असं!

7 एप्रिल 1883 ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय 18, नवरा सोबत नाही. 4 जूनला न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज. गोपाळराव इकडेच, पोस्टाच्या नोकरीत. म्हणजे बघा, ज्याचा धंदाच टपालाचा, त्याचा संसारही आता टपालावर चालणार होता.

आणि इथे खरी गंमत आहे. (गंमत म्हणवत नाही खरं तर.) बायकोला शिकवणारा हाच माणूस शिकवताना तिला मारतही असे. घरात असताना ती उत्तर देऊ शकत नव्हती, पण पत्रात देऊ लागली. गोपाळराव पत्रांतून संशय घेत, टोचून बोलत. थंडीमुळे आणि कामाच्या सोयीसाठी तिने नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली, तर त्यावरही नाराजी. तिने एका पत्रात लहानपणापासून खाल्लेल्या माराचा वयानुसार हिशेबच मांडला: दहाव्या वर्षी लाकडाने, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं फेकून. त्याच पत्रांत कृतज्ञताही आहे, मायाही आहे. तिला दोन्ही खरं वाटत होतं.

फोन असता तर? बहुधा त्यांनी रोज रात्री हिशेब मागितला असता. पत्र पोचायला कित्येक आठवडे लागायचे. त्या मधल्या दिवसांत तिचा दिवस कसा घालवायचा, काय नेसायचं, कुणाकडे जायचं हे तीच ठरवत होती. म्हणजे अंतराने तिला एकटेपणा दिला, आजारपणात परकं घर दिलं, पण स्वतःचा आवाजही दिला. 1885 मध्ये गोपाळराव अमेरिकेत पोचले. आता समोर उभी होती ती त्यांनी बोटीत बसवलेली मुलगी नव्हे.

11 मार्च 1886 ला तिला एम. डी. मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी ती एक. ती अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने तिला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाचं प्रमुखपद देऊ केलं. हे हॉस्पिटल म्हणजे आपलं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. तिने ते स्वीकारलं. पण क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन ती नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरली आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या.

पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर याच हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. वाट बंद झाली नव्हती.

आज व्हिडिओ कॉलमुळे अंतर उरलंच नाही असं आपण म्हणतो. पण दर तासाला "कुठे आहेस?" विचारणारा फोन जोडपं जवळ आणतो की गोपाळरावांचं काम सोपं करतो, हे ज्याने-त्याने तपासावं. परदेशी जाणाऱ्या मैत्रिणींना मी एवढंच विचारतो: तिकडे पोचल्यावर तुझं उत्तर ऐकून घेणारा माणूस आहे ना तो? व्हिसाचे कागद त्यानंतर बघू.