जीर्ण मद्य आणि मराठी जीभ

गेल्या दिवाळीत जामखेडला एका जुन्या विद्यार्थ्याने अमेरिकेहून आणलेली बर्बनची बाटली आमच्यापुढे ठेवली. बारा वर्षे पिंपात मुरलेली. बाटलीवर इंग्रजीत तिच्या गंधाचे आणि चवीचे वर्णन छापलेले होते. तो म्हणाला, "सर, घेतलीच पाहिजे असं नाही. पण हिचं वर्णन मराठीत करून दाखवा." एम.ए.ला साहित्यशास्त्र शिकवणाऱ्याला याहून अडचणीचा प्रश्न कोणी विचारला असेल असे वाटत नाही.

बर्बन म्हणजे मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की. 1964 साली अमेरिकी काँग्रेसने तिला त्या देशाचे खास उत्पादन म्हणून मान्यता दिली. धान्यात किमान 51 टक्के मका हवा, आणि ती आतून जाळून कोळसवलेल्या, ओकच्या कोऱ्या पिंपातच मुरवली पाहिजे, असा तिथला नियम आहे. उन्हाळ्यात मद्य लाकडात शिरते, हिवाळ्यात परतते आणि येताना लाकडातला रंग, गोडवा, तुरटपणा घेऊन येते. पिंप दर वेळी कोरे असल्याने लाकडाचा हात फार लवकर चढतो. त्यामुळे बर्बनच्या बाबतीत जुने ते अधिक चांगले हा समज खरा नव्हे; फार वर्षे ठेवली तर मका हरवतो आणि नुसते लाकूड उरते. बारा वर्षे ही त्या दृष्टीने कसोटीची वेळ.

मग आम्ही वही घेऊन बसलो. नाक पेल्यात खुपसायचे नाही, ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्यायचा, घोट जिभेवर घोळवायचा, नंतर चार थेंब पाणी घालून पुन्हा पाहायचे, अशी रीत त्याने सांगितली. पहिल्या वासाला काकवी. पाणी पडल्यावर निखाऱ्यावर भाजलेले कणीस, तेही किंचित करपलेल्या बाजूचे. मागून सुताराच्या रंध्याखालून नुकत्याच निघालेल्या ढलप्या. गिळल्यावर बराच वेळ राहणारा तुरटपणा कशासारखा, हे काही केल्या सापडेना. शेवटी विड्यातला कात आठवला. लाकूड वरचढ झाले होते का? माझ्या मते थोडेसे, पण मका अजून शाबूत होता.

शब्द मराठीत होते, एवढे त्या रात्री सिद्ध झाले. मग ते दारूच्या वाट्याला का आले नाहीत?

आपल्या परंपरेत अशी पारख नव्हती असे म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवे मद्य जड आणि दोष चाळवणारे, तर जीर्ण मद्य हलके, रुचकर, अग्नी चेतवणारे आणि स्रोतसे शुद्ध करणारे असा स्पष्ट भेद केलेला आहे. त्याच ग्रंथात 84 आसवांची गणना येते. त्यांतली 20 'सारासवे' आहेत, म्हणजे झाडाच्या गाभ्यापासून केलेली: साल, चंदन, खैर इत्यादींची. हे आसव आंबवलेले असे, भट्टीतून काढलेले नव्हे, आणि लाकडाच्या पिंपात मुरवणे ही वेगळी गोष्ट. दोन्ही एक मानण्याचा मोह टाळलेला बरा. तरीही कात निघतो तो खैराच्याच गाभ्यातून, हे वहीतली ओळ पुन्हा वाचताना लक्षात आले तेव्हा गंमत वाटली. आणि त्याच चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर, म्हणजे मद्याने होणाऱ्या नासाडीवर, स्वतंत्र अध्याय आहे. पारख आणि इशारा एकाच ग्रंथात नांदत होते.

पुढे ही पारख सरकारच्या हाती गेली. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने भट्ट्यांवर सरकारची पकड बसली आणि दारूची प्रत ठरू लागली ती तिच्या तीव्रतेवरून. जिभेची जागा तीव्रतामापकाने घेतली. ब्रिटिश 'प्रूफ' म्हणजे सुमारे 57.1 टक्के मद्यार्क. त्याच्या पंचवीस अंश खालची ती 'पंचवीस अंडर प्रूफ', म्हणजे 42.8 टक्के. आज आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्कीच्या बाटल्यांवर हाच चमत्कारिक आकडा दिसतो, तो वसाहतकालीन करमोजणीचा अवशेष आहे. भाषेतही तेच. 'गुत्ता' हा मुळात मक्त्याचा शब्द, 'नवटाक' मापाचा. 'पहिल्या धारेची' एवढा एकच शब्दप्रयोग चवीच्या जवळ जातो, पण तोही कौतुक करतो ते जोराचेच. व्हिस्कीच्या भट्टीत तर पहिली धार अपायकारक म्हणून बाजूला काढतात! शेजारच्या गोव्यात मात्र पारख नावातच टिकली आहे: हलवल्यावर येणाऱ्या फेसावरून, फेणावरून, फेणी हे नाव पडले असे मानतात.

आणि साहित्य? 1919 साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने मराठी मनात दारूची जी प्रतिमा कोरली, तिच्यात चवीचा प्रश्न गौण आहे. सुधाकराच्या संसाराची राख होत असताना पेल्यातल्या गंधाची चौकशी कोण करील? यात मी नाटककाराला दोष देणार नाही. माझे थोरले काका हातभट्टीने गेले. आमच्या घरात काकूंसमोर 'दारू' हा शब्दसुद्धा उच्चारला जात नसे. गावोगावच्या बाया 'आडवी बाटली'वर शिक्का मारून दुकाने बंद पाडतात, त्यामागे अशा कितीतरी काकू आहेत. मौनालाही इतिहास असतो, आणि हा अन्यायाचा इतिहास नव्हे.

फक्त एक विसंगती सलत राहते. भरताने रस समजावून सांगताना नाना व्यंजनांनी युक्त अन्न चाखणाऱ्या सुमनस माणसाचा दाखला दिला. पुढे साहित्यशास्त्रात पानकरसाचा दृष्टान्त आला: अनेक द्रव्ये मिसळलेले पेय, ज्यात कोणतेच वेगळे काढता येत नाही. आस्वाद, रुची, चर्वणा हे कवितेसाठीचे सगळे शब्द आपण जिभेकडून उसने घेतले आणि परत करायचे विसरलो. विद्यार्थ्यांना चर्वणा शिकवताना मी आजवर एकदाही एखाद्या पदार्थाचे नाव घेतलेले नाही.

बाटली विद्यार्थ्याने परत नेली. वही माझ्याकडे आहे. कातापुढे एक प्रश्नचिन्ह आहे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला: तुरटपणा काताचा नव्हे सर, जांभळाच्या बीचा.