गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

साल १९०५. पॅरिसमधल्या ब्यूत-शोमाँ बागेच्या आसपास गोमाँ कंपनीने नुकताच उभारलेला काचेचा स्टुडिओ. आत शिरताना पाय जपून टाका, जमिनीवर तारांची भेंडोळी आहेत. रंगवलेल्या पडद्यापुढे जुन्या काळचे पोशाख घातलेली माणसं घोळक्याने उभी आहेत. लांब झग्यातली, तिशीतली एक बाई त्यांना जागा दाखवत फिरते आहे. ही अ‍ॅलिस गी. गोमाँकडे सेक्रेटरी म्हणून लागली आणि १८९६ पासून चित्रपट काढते आहे. आज ऑपेराचं चित्रीकरण आहे.

तुम्ही कान टवकारता. आता हा जाडगेला बाप्या छाती फुगवून टेनरचा सूर लावणार! पण तसं काही होत नाही. एका कडेला दोन अवाढव्य भोंगे ठेवलेत. बाई खूण करतात, तबकडी फिरू लागते, खरखरीतून वाद्यमेळ उमटतो आणि मग आवाज. बाप्याचे ओठ हलतायत, गळ्याच्या शिरा ताणल्यात, हात हवेत गेलाय. आवाज मात्र भोंग्यातून येतोय. कॅमेरावाला मुकाट्याने दांडा फिरवतोय.

तुम्ही मराठी आहात, तुम्हाला यात नवल वाटायचं कारण नाही. हा सरळसरळ प्लेबॅक आहे. आपल्याकडे तो १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांच्या ‘धूप छाँव’पासून रुळला. इथे त्याच्या ३० वर्षं आधी, निव्वळ नाइलाजाने, तीच युक्ती चालू आहे. नाइलाज असा की त्या काळी आवाज मुद्रित करायचा तर गायकाला भोंग्यात तोंड घालून उभं राहावं लागे. त्याचं चित्र घ्यावं तर दिसणार काय? भोंगा आणि टाळू. म्हणून आधी तबकडी करायची, मग ती वाजवून अभिनय टिपायचा. कधी गाणाराच ओठ हलवी, कधी दुसराच कुणी. अशा तुकड्याला गोमाँचे लोक ‘फोनोसेन’ म्हणत, आणि अ‍ॅलिस गीने असे शंभरावर तुकडे काढले. त्यात ‘कार्मेन’ होता, ‘फाउस्ट’ होता. तीन-तीन तासांच्या ऑपेराचे इवलेसे तुकडे का? कारण तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त मावत नव्हतं. ऑपेरावरचा लघुपट जन्मला तो असा, तबकडीच्या मापाने. सौंदर्यशास्त्र वगैरे मागाहून आलं.

पण त्या दुपारी एक गोष्ट घडून गेली आहे. आवाज आणि अंग यांची फारकत झाली आहे. एकदा ती झाली की त्या आवाजाला कुठलंही अंग लावता येतं. हे कुणाच्या ध्यानात यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

मधल्या काळात फार रेंगाळू नका. ६ ऑगस्ट १९२६ला ब्रॉडवेवरच्या वॉर्नर्स थिएटरात डोकावलात तरी पुरे. चित्राला आवाज जोडणाऱ्या व्हायटाफोन यंत्रणेचा पहिला खेळ आहे, मुख्य चित्रपट ‘डॉन जुआन’, त्याआधी छोटे छोटे संगीतपट. जोव्हानी मार्टिनेल्ली विदूषकाच्या वेशात ‘पाल्याच्ची’तलं रडगाणं गातो आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमतं. तुम्हीही टाळ्या वाजवाल, कारण गळा खणखणीत आहे. पण नीट बघा: कॅमेरा एका जागी, गायक एका जागी. हा गाण्याचा पुरावा झाला, अर्थ नव्हे. दहाएक वर्षांनी आपल्या बालगंधर्वांची मीराबाई पडद्यावर आली तीही अशीच, रंगभूमीवरून अलगद उचलून ठेवल्यासारखी. ज्यांच्या नाटकांना नाट्यगृहं अपुरी पडत, त्यांचा तो चित्रपट चालला नाही. समोर बसलेल्या माणसांवाचून नुसता गायक टिपला की असंच होतं.

आता मे १९८७, कान. महोत्सवाच्या स्पर्धेत ‘आरिया’ लागलाय, निर्माता डॉन बॉइड. दहा दिग्दर्शकांनी ऑपेरातला एकेक तुकडा निवडून त्यावर लघुपट केलाय. आवाज आरसीए कंपनीच्या संग्रहातले, बहुतेक आधीच गाजलेले. ओठ हलवायची सक्ती नाही, मूळ कथा पाळायची तर मुळीच नाही. अंधार होतो. तुम्ही खुर्चीत सरसावून बसता.

पहिलाच निकोलस रोग याचा. व्हेर्दीचा ‘मुखवट्यांचा नाच’ हा ऑपेरा स्वीडनच्या राजाच्या खुनावर बेतलेला, आणि १७९२ मध्ये त्या राजावर गोळी झाडली गेली तीही ऑपेरागृहातल्याच नाचात. रोग ते संगीत उचलतो आणि १९३१च्या व्हिएन्नात नेतो. तिथे ऑपेरा पाहून बाहेर पडणाऱ्या अल्बानियाच्या राजा झोगवर खरोखर गोळीबार झाला होता आणि राजानेही पिस्तूल काढून उत्तर दिलं होतं. वर कडी म्हणजे मिशा लावून झोग झाली आहे एक बाई, थेरेसा रसेल. एका राजवधाच्या संगीतावर दुसऱ्या राजाचा जीव वाचतो. तुम्हाला हसू येतं, आणि यायलाच हवं.

गोदारचा तुकडा सुरू झाला की आजूबाजूला चुळबुळ सुरू होते. ल्युलीच्या ‘आर्मिद’मध्ये सुरा घेऊन उभी राहिलेली नायिका झोपलेल्या शत्रूला मारू शकत नाही. गोदार व्यायामशाळेत शिरतो. तिथे पिळदार पुरुष वजनं उचलण्यात गढलेले, आणि दोन तरुणी सुरा घेऊन त्यांच्याभोवती वावरतायत. एकाचंही लक्ष नाही. तीनशे वर्षं जुन्या प्रसंगावरचं इतकं नेमकं भाष्य मी तरी पानोपानी लिहिलेल्या समीक्षेत वाचलेलं नाही. उलट फ्रँक रॉडमने वागनरच्या प्रेम-मृत्यूच्या गाण्यावर लास व्हेगासमधलं तरुण जोडपं स्नानकुंडात मरताना दाखवलंय. संगीत जे सांगतं तेच चित्र पुन्हा सांगतं, त्यामुळे दोन्ही पातळ होतात.

रॉबर्ट ऑल्टमनचा तुकडा मात्र डोळे ताणून पाहा. संगीत जाँ-फिलिप रामोच्या ‘ले बोरेआद’चं, उत्तरेच्या वाऱ्यांचं, वादळाचं. पडद्यावर अठराव्या शतकातलं पॅरिसचं नाट्यगृह. प्रेक्षक म्हणून आणलेत वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण. रंगमंच दिसतच नाही. कॅमेरा सज्जांमधून फिरतो: विटक्या भरजरी कपड्यांतली माणसं एकमेकांना ओरबाडतात, कवटाळतात, काही नुसती बघत राहतात. वादळ वाद्यांत आहे की चेहऱ्यांत, हे थोड्या वेळाने सांगता येत नाही. या ऑपेराच्या तालमी १७६३ मध्ये झाल्या, पण प्रयोग झालाच नाही. पुढच्या वर्षी रामो वारला, आणि रंगमंचावर तो पहिल्यांदा उभा राहिला थेट १९८२ मध्ये, एक्साँ-प्रोव्हाँसला. म्हणजे ज्या संगीताला त्याच्या काळात श्रोताच मिळाला नाही, त्याला ऑल्टमनने श्रोते मिळवून दिले आणि तेही शहाण्यांतले नव्हेत. ही मला सबंध चित्रपटातली सर्वांत हुशार खेळी वाटते.

आणि सर्वांत हळवी डेरेक जार्मनची. शार्पांतिएच्या ‘लुईझ’मधलं गाणं नव्या प्रेमाच्या धुंदीत असलेल्या एका कष्टकरी मुलीचं. जार्मन दाखवतो म्हातारी गायिका, शेवटचा नमस्कार करणारी, अंगावर पाकळ्यांचा वर्षाव. मधेमधे सुपर-८ फिल्मचे रवाळ, थरथरते तुकडे; त्यात तरुण टिल्डा स्विंटन बागडते. आवाज लिऑन्टीन प्राइसचा, भरदार. मूळ गाण्यात जे आज चाललंय, ते इथे कधीचंच होऊन गेलंय. सुराची एक श्रुतीही न बदलता त्याचा काळ बदलता येतो, हे तुम्हाला इथे कळतं. १९८६च्या डिसेंबरात जार्मनला एचआयव्ही असल्याचं निदान झालं होतं.

अखेर जॉन हर्ट विदूषकाच्या रंगात एन्रिको कारुझोच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवर ओठ हलवतो. मार्टिनेल्लीचंच गाणं, अ‍ॅलिस गीचीच युक्ती. फक्त आता गाणारा १९२१ मध्येच वारलेला आहे आणि सभागृहातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे.

अजून एक मुक्काम. २०१७, बास्तीय ऑपेराचा रंगमंच. पॅरिस ऑपेराने दोन वर्षांपूर्वी लघुपटांसाठी ‘तिसरा रंगमंच’ नावाचं संकेतस्थळ काढलंय, त्यासाठी क्लेमाँ कोजितोर चित्रीकरण करतोय. गर्दीत घुसा, कुणी हटकणार नाही. तरुण पोरापोरींनी रिंगण धरलंय, टोप्या, सैल टी-शर्ट, बूट. संगीत पुन्हा रामोचं, ‘लेझांद गालांत’मधल्या रानटी लोकांच्या नाचाचं. ढोल घुमतो, एकेक जण रिंगणात उतरतो. पाय आपटले जातात, छाती धक्का बसल्यासारखी उसळते, दंड हवा कापतात. हा क्रम्प, लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये जन्मलेला नाच. एकाचा राग दुसऱ्याच्या अंगात जाताना तुम्हाला हातभर अंतरावरून दिसतो.

१७२५ मध्ये लुइझियानाहून आणलेल्या मूळ अमेरिकनांना पॅरिसच्या रंगमंचावर नाचवलं होतं. रामोने तो नाच पाहिला, त्यावर आधी हार्पसिकॉर्डची धून बांधली आणि नंतर ती ऑपेरात घातली. दरबारी मंडळींनी ‘रानटी’ म्हणून कौतुकाने बघायचा तो नाच. कोजितोर ज्यांच्याकडे तसं बघितलं जातं त्यांच्याच हाती ती चाल देतो. रामोच्या स्वरलिपीत हा राग होता का? मला वाटतं होता. कुणी नाचून दाखवला नव्हता, इतकंच.

लघुपट जेमतेम सहा मिनिटांचा आहे. तो इतका गाजला की २०१९ मध्ये, आपल्या साडेतीनशेव्या वर्षी, पॅरिस ऑपेराने अख्खा ‘लेझांद गालांत’ बास्तीयला कोजितोरकडेच सोपवला आणि नृत्यरचनेसाठी बिंतू देंबेले यांना बोलावलं.