हिस्लॉपचे पुनरागमन

नरखेडच्या संत्र्याच्या बागा ज्या काळ्या मातीवर उभ्या आहेत तिच्या तळाशी दख्खनच्या अग्निजन्य खडकाचे थर आहेत; आणि नागपूरच्या आसमंतात अशाच थरांमध्ये दडलेल्या जीवाश्मांचा चिकाटीने अभ्यास करणारा स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा धर्मोपदेशक होता. १८४५ साली तो आला तेव्हा येथे तिसऱ्या रघूजी भोसल्यांचा अंमल होता. १८४६ साली त्याने नागपुरात शाळा घातली, १८५३ साली रघूजी निपुत्रिक वारले, आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले.

मध्यंतरी तो स्वदेशी जाऊन आला. मायभूमीतच स्थिरावणे त्यास अशक्य नव्हते, तरीही तो परतला, हीच मला त्याच्या चरित्रातील सर्वांत मोलाची घटना वाटते. कारण धर्मप्रसारात यश थोडे असूनही त्याची जिज्ञासा या भूमीशी जडली होती: गोंडांचे आचार, त्यांची भाषा, त्यांचा परंपरागत गायक असलेल्या परधानाच्या तोंडून ऐकलेली लिंगो या पुराणपुरुषाची दीर्घ गाथा, हे सारे तो टिपून ठेवीत असे.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना, पुराने फुगलेल्या ओढ्यात त्याचा अंत झाला. त्याची गोंडांविषयीची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ सालचे.