रविवार कुणी मिळवला?

रविवारची सुट्टी आपल्याला कुणी दिली, हा प्रश्न मी दरवर्षी नव्या वर्गाला विचारतो. ‘इंग्रजांनी’, ‘सरकारने’ अशी उत्तरे येतात. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव क्वचितच कुणी घेते. ज्यांच्या आज्यापणज्यांनी गिरण्यांत हाडे झिजवली त्यांच्याच मुलांना हे नाव ठाऊक नसावे, यात दोष मुलांचा नाही. त्यांच्या हाती दिलेल्या इतिहासाचा आहे.

लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक आणि ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन उभे केले. आठवड्याला एक दिवस सुट्टी ही त्यातील प्रमुख मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे रविवार कुणी दिला नाही. तो सहा वर्षे झगडून मिळवला गेला.

योगायोग असा की १८६२ मध्ये खुल्या झालेल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत प्राणिसंग्रहालयाची भर पडली तीही १८९० मध्येच. गिरणगावाच्या उंबरठ्यावरची ही बाग पुढे कामगार कुटुंबांच्या रविवारची जागा झाली.

माझे आजोबा गिरणीत रिंग खात्यात होते. विणाई खात्याची पगाराची पाळी त्यांच्या समाजाला मिळत नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि ‘विटाळ’ आडवा येई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला तो यासाठीच. गिरणीत खात्यांना जात होती. राणीच्या बागेच्या तिकीटखिडकीला मात्र ती नव्हती. गावच्या विहिरीपासून दूर उभी राहिलेली माझी आजी इथे वाघाच्या पिंजऱ्यासमोर सर्वांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. हा आनंद क्षुल्लक मानू नये. सार्वजनिक जागेत निर्धास्त रमणे हाही माणूसपणाचाच हक्क आहे.

बागेला लागूनच १८७२ मध्ये खुले झालेले वस्तुसंग्रहालय आहे. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे मूळ १८५५ च्या पॅरिसमधील प्रदर्शनात आहे. या देशात काय पिकते, काय घडते, हे व्यापाराच्या नजरेने मांडणे हा त्यामागचा हेतू. त्या नजरेला वस्तूंप्रमाणे माणसेही नमुन्यादाखल लागली. म्हणून तिथे काचेआड नाना धंद्यांची, नाना पागोट्यांची मातीची माणसे आहेत.

लहानपणी आजीने मला तिथे विचारले, “ह्या माणसांची नावं काय रं?” मी पाटी वाचली. पाटीवर धंदा होता, नाव नव्हते. आजी म्हणाली, “मंग तुझ्या आज्ज्याचं बी असंच लिवतील. गिरणीवाला.”

निरक्षर आजीचा हा प्रश्न मला पुढे पदवीच्या कोणत्याही पुस्तकात भेटला नाही. जातिव्यवस्थेने माणसाला धंद्यात कोंडले आणि संग्रहालयाने तो धंदा काचेत ठेवला. नाव दोघांनीही पुसले.

आणि आजचा रविवार? माझे वडील सफाई कामगार होते. त्यांची सुट्टी पाळीने येई, रविवारी क्वचितच. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी बायांना तर सुट्टीच नाही. २०१७ मध्ये राणीच्या बागेचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झाले. आईवडील व दोन मुले मिळून शंभर. खिडकी आजही जात विचारत नाही, पण रोजंदारीवरच्या माणसाला ती ऐपत मात्र विचारते. सुट्टीही नाही आणि प्रवेशही परवडत नाही, अशा माणसापर्यंत १८९० चा विजय अजून पोचलेला नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक काम देतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा तिथे घेऊन जा. ते कुठे राबले, कोणत्या खात्यात, सुट्टी कधी मिळे, हे विचारा. लिहून आणा. आणि सर्वांत वर, धंद्याच्या आधी, त्यांचे नाव लिहा.