बटाट्याच्या रोगाची कुळकथा

बटाटा चातीसारखा लांबोडा होऊ लागला, तर दोष कुणाला द्याल? अमेरिकेत १९२० च्या दशकापासून तो विषाणूच्या माथी मारला जाई. थिओडोर डीनर यांनी मात्र १९७१ मध्ये सांगितले, की हा विषाणू नव्हे. याला प्रथिनाचे कवचच नाही! नाव ठेवले ‘व्हायरॉइड’. १९७८ मध्ये जर्मनीत या आरएनएची अक्षरे मोजली, ती भरली अवघी ३५९.

आता रोप गप्प बसते का? छे! ते या आरएनएचे बारीक तुकडे पाडते. आणि १९९४ मध्ये तर नवलच दिसले. व्हायरॉइडची प्रत तंबाखूच्या जनुकद्रव्यात बसवली होती. रोपात व्हायरॉइड वाढू लागताच नेमक्या त्याच प्रतीवर रासायनिक खुणा उमटल्या. तलाठ्याने सातबाऱ्यावर शेरा मारावा तशा! एवढे करूनही व्हायरॉइड बहुधा तगतो, आणि बेण्याच्या बटाट्यातून पुढल्या हंगामात उतरतो.