पाळण्यापासून पहिल्या पावलापर्यंत

शेजारचे बाळ आठव्या महिन्यातच घरभर रांगू लागले आणि आपले मात्र बसल्या जागीच रमते, ही चिंता अनेक घरांत ऐकू येते. मग बाळाने लवकर चालावे म्हणून वॉकर आणला जातो. प्रत्यक्षात बाळाला गरज असते ती जमिनीवरील मोकळ्या जागेची, साध्या खेळण्यांची आणि सोबत खेळणाऱ्या माणसांची.

मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे आणि चालणे या क्रियांमध्ये शरीराचे मोठे स्नायू वापरले जातात. त्यांचा वेग प्रत्येक मुलाचा निराळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील ८१६ मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार निरोगी मूल आधाराविना ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान बसते आणि ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्रपणे चालू लागते. सुमारे चार टक्के मुले तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. त्यामुळे दोन मुलांची तुलना करण्यात अर्थ नाही.

पहिले सहा महिने : बाळ जागे असताना त्याला सतरंजीवर पालथे ठेवावे. आरंभी एक-दोन मिनिटेही पुरेशी असतात. न रांगणाऱ्या बाळाने दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथे असावे, असे संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. समोर न फुटणारा आरसा किंवा खुळखुळा धरल्यास बाळ मान उचलते. खुळखुळा हळूहळू बाजूला नेल्यास कुशीवर वळू पाहते. झोपवताना मात्र बाळाला उताणेच ठेवावे.

सहा ते नऊ महिने : बसू लागलेल्या बाळाच्या हाताच्या टप्प्याबाहेर चेंडू ठेवावा. तो घेण्यासाठी वाकताना तोल सावरण्याचा सराव होतो. जमिनीवर उशी आडवी टाकली की ती ओलांडणे हाच खेळ ठरतो.

नऊ महिन्यांनंतर : जड, न हलणाऱ्या दिवाणाच्या कडेला खेळणी मांडल्यास बाळ धरून उभे राहते व कडेकडेने पावले टाकते. घरात पायांना मोजे-बूट नसावेत; अनवाणी पावलांना जमिनीची पकड चांगली मिळते.

पांगुळगाडा की वॉकर? आपल्याकडील लाकडी पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. शरीराचा भार व तोल त्यालाच सांभाळावा लागतो. वॉकरमध्ये ते बैठकीत अडकून पायांच्या बोटांनी जमीन रेटते. वॉकरमुळे चालणे लवकर येत नाही. उलट जिन्यावरून गडगडण्याचा आणि गरम भांड्यापर्यंत हात पोहोचण्याचा धोका वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाडाही जिन्यापासून दूर आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावा.

खेळणी निवडताना : तोंडात मावेल असा सुटा भाग, टोकदार कडा किंवा निघणारा रंग असलेले खेळणे टाळावे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे; खोक्यावर ते पाहून घ्यावे. महागड्या वस्तूंचाच आग्रह नको. झाकण घट्ट लावलेला स्टीलचा रिकामा डबा जमिनीवर घरंगळला, तरी बाळ त्याच्यामागे धावते. एक वर्षाखालील मुलाला मोबाइल वा दूरचित्रवाणीचा पडदा दाखवू नये, तसेच सलग तासाभरापेक्षा अधिक काळ खुर्चीत किंवा बाबागाडीत बांधून ठेवू नये, असेही संघटनेने सुचवले आहे.

सल्ला केव्हा घ्यावा? चार महिन्यांनंतरही मान न धरणे, नऊ महिन्यांनंतर आधाराविना न बसणे, दीड वर्षानंतर न चालणे, शरीराची एकच बाजू वापरणे, हातपाय फार ताठ वा फार सैल वाटणे किंवा आलेली हालचाल पुन्हा हरवणे, यांपैकी काहीही आढळल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. ‘घरात सगळेच उशिरा चालले’ या समजुतीवर विसंबून राहण्यात मोलाचा काळ निघून जाऊ शकतो. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितका त्यांचा लाभ अधिक होतो.